सागाची निवडक तोड: आधी काय राहणार ते ठरवा, मग काय कापायचं ते

इंदूरच्या आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांची जुनी जमीन देवास जिल्ह्यात उदयनगर-बागलीकडे आहे, कोणाची महू-मानपूरच्या उतारावर, कोणाची खाली निमाडात, आणि त्यात शेतीच्या कडेला किंवा टेकडीवर दोन-चार हेक्टर आपोआप वाढलेलं जंगल असतं, साग, धावडा, साजा म्हणजे आपला ऐन, तेंदू, मधूनमधून मोह. घरात लग्न निघालं किंवा फ्लॅटचं बुकिंग करायचं झालं की कोणीतरी म्हणतं "तिकडचे साग काढून टाका", आणि दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला फोन जातो. सगळी गडबड तिथूनच सुरू होते. व्यापारी येतो, सरळसोट जाड झाडं मोजतो, बयाणा हातात ठेवतो, आणि पुढचं सगळं त्याच्या हिशोबाने चालतं.

माझ्या काकांच्या बाबतीत हेच झालं. खोडावर रंगाने नंबर टाकले, बुडख्यावर टाकलेच नाहीत. तोड झाल्यावर वनरक्षक बघायला आला तर यादीत जितकी झाडं त्याहून बुडखे जास्त, आणि कुठला बुडखा कुठल्या नंबरचा हे कोणालाच सांगता येईना. टीपी, म्हणजे लाकूड वाहतुकीचा परवाना, अडकला, माल पावसाळाभर जमिनीवर पडून राहिला आणि बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला किडीने भोकं पाडली. त्याहून मोठं नुकसान म्हणजे चांगली बी देणारी सगळी झाडं गेली आणि मागे वाकडी तेवढी उरली. ते जंगल मी आता बघतो म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, कारण चूक कामात कमी आणि क्रमात जास्त होते.

एकूण सव्वा वर्ष धरा. आज ठरवलं आणि पुढच्या महिन्यात तोड, असं या कामात होत नाही.

१. कागद आणि सीमा (ऑक्टोबर-नोव्हेंबर)

खसरा आणि बी-१ची, म्हणजे जमिनीच्या महसुली नोंदींची, ताजी नक्कल काढा आणि झाडांची नोंद आहे का ते बघा. मग पटवाऱ्याकडून रीतसर सीमांकन करून घ्या. जमीन सरकारी जंगलाला लागून असेल तर वनविभागाचा माणूस हजर असताना सीमा ठरवून घ्या, नुसतं "आमचा बांध तिथपर्यंतच होता" चालत नाही, एक जरी झाड पलीकडचं निघालं तर सगळी फाईल अडकते.

आता कायद्याचं थोडक्यात, पण नीट वाचा. १२ डिसेंबर १९९६ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की जमीन कोणाच्याही नावावर असो, ती जंगल या व्याख्येत येत असेल तर मंजूर योजनेशिवाय तोड करता येणार नाही. म्हणून "माझी जमीन, माझी झाडं" हे वाक्य ऑफिसात बोलून उपयोग नसतो. मध्य प्रदेशात खाजगी जंगलासाठी लोक वानिकी अधिनियम २००१ आहे, त्यात चार्टर्ड फॉरेस्टरकडून, म्हणजे अशी योजना करायची मान्यता असलेल्या वनतज्ज्ञाकडून, व्यवस्थापन योजना करून ती मंजूर करून घ्यायची असते. भू-राजस्व संहिता १९५९ची कलमं २४० आणि २४१ झाडांच्या तोडीबद्दलच आहेत. आणि जमीन आदिवासी भूमिस्वामीच्या (जमीनमालकाच्या) नावावर असेल तर झाडांसाठी १९९९चा वेगळा कायदा आहे, त्यात परवानगी कलेक्टरकडून लागते, तिथे मध्यस्थ बनून भाव ठरवायला अजिबात जाऊ नका.

तुमच्या जमिनीला यातलं काय लागू होतं आणि सागाच्या विक्रीला आज कुठले नियम आहेत, हे डीएफओ म्हणजे विभागीय वनाधिकाऱ्याच्या ऑफिसातून लेखी घ्या. शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केलं ते विचारून चालू नका.

सावधान: या टप्प्यावर कोणाकडूनही बयाणा घ्यायचा नाही. एकदा पैसे घेतले की कुठलं झाड ठेवायचं हे तुम्ही मोकळेपणाने ठरवूच शकत नाही.

२. प्रत्येक झाड मोजा (डिसेंबर-जानेवारी)

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त टाळतात आणि पुढचं सगळं याच्यावरच उभं असतं. गवत बसलेलं असतं, सागाची पानं गळायला लागलेली असतात, लांबचं दिसतं, म्हणून हेच दिवस बरे.

तीन माणसं लागतात: एक टेप धरणारा, एक लिहिणारा, एक चुन्याची खूण करणारा. टेकडीला आडवे, म्हणजे एकाच उंचीवरून, साधारण २० मीटर रुंदीचे पट्टे धरून चालायचं आणि मोजलेल्या प्रत्येक झाडाला चुन्याचा ठिपका, नेहमी एकाच बाजूला. परत येताना ठिपके दिसले पाहिजेत, म्हणजे डबल मोजणी होत नाही आणि सुटलेलं झाडही लगेच कळतं.

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा. बांबूची १.३७ मीटरची काठी कापून घ्या आणि दरवेळी झाडाला लावा, अंदाजाने छातीशी टेप धरला की उंच माणसाचं आणि बुटक्याचं माप वेगळं येतं. चार गोष्टी हमखास चुकतात. उतारावर झाडाच्या वरच्या बाजूला उभं राहून मोजायचं, खालच्या नाही. झाड १.३७च्या खालीच दुभंगलं असेल तर दोन झाडं धरायची. त्या उंचीवर गाठ किंवा फुगवटा असेल तर तो संपतो तिथे वर मोजायचं. आणि वेल किंवा सुटलेली साल टेपखाली येऊ द्यायची नाही.

वहीत रकाने एवढेच: नंबर, जात, घेर, सरळ की वाकडं, पोकळ आहे का, नाल्यापासून जवळ की लांब, शेरा. ९० सेंटीमीटरच्या वरच्या झाडांचं लोकेशन मोबाईलवर सेव्ह करा, बाकीच्यांचं नाही केलं तरी चालतं.

पोकळ आहे का हे बघायला कुऱ्हाडीची मागची बाजू बुंध्यावर तीन ठिकाणी मारा, घोट्यापाशी, कमरेशी, खांद्याशी. भरीव झाड खणखणीत वाजतं, पोकळ झाडाचा आवाज डब्यावर थाप मारल्यासारखा बसका येतो आणि हाताला झटका कमी बसतो. दहा-बारा झाडांवर करून बघितलं की कान तयार होतो. हे आधी केलं नाही तर झाड पाडल्यावर आतून मातीच निघते, पैसे येत नाहीत आणि एक घरटं मात्र जातं.

तपासा: दुसऱ्या दिवशी कुठलीही २० झाडं निवडून दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या. दोनपेक्षा जास्त झाडांच्या मापात ३ सेंटीमीटरहून अधिक फरक आला तर तो पूर्ण पट्टा पुन्हा मोजायचा, कंटाळा करायचा नाही.

३. जंगल वाढतंय किती, ते जुन्या बुडख्याला विचारा

सागाला वर्षाला एक वलय पडतं आणि ते स्पष्ट दिसतं. तुमच्याच जमिनीत किंवा शेजारी गेल्या तोडीचा बुडखा सापडला तर त्याचा कडेचा भाग रंध्याने नाहीतर धारदार विळ्याने साफ करा, वर थोडं पाणी शिंपडा, वलयं उमटून येतात. सालीच्या आतल्या कडेपासून आत २.५ सेंटीमीटर मोजा आणि तेवढ्यात किती वलयं आहेत ते बघा.

८ वलयं असतील तर ८ वर्षांत त्रिज्या २.५ सेंटीमीटर वाढली. घेर त्रिज्येच्या सव्वासहा पट वाढतो, म्हणजे ८ वर्षांत जवळपास १५.७ सेंटीमीटर, वर्षाला साधारण २. त्या हिशोबाने ९०चं झाड १२०चं व्हायला १५ वर्षं लागतात. माथ्यावरच्या मुरमाड जमिनीत तेवढ्याच जागेत १२ वलयं सापडली तर तेच अंतर कापायला २३ वर्षं. माझ्याकडे नाल्याकडची बाजू आणि माथा यात एवढाच फरक निघाला, म्हणून दोन्ही भागांचा हिशोब मी वेगळा ठेवतो. निदान सात-आठ बुडखे बघून सरासरी काढा, एकावर विसंबू नका.

ही वर्षं म्हणजेच तुमच्या दोन तोडींमधलं अंतर. ते व्यापारी सांगत नाही आणि घरातलं लग्नही ठरवत नाही, झाड ठरवतं.

४. वहीवरून हिशोब

समजा ४ हेक्टरात सागाची एवढी झाडं निघाली: घेर ३१ ते ६०ची ३१०, ६१ ते ९०ची १४०, ९१ ते १२०ची ५८, आणि १२०च्या वर २२. चांगलं जंगल असंच दिसतं, बारीक पुष्कळ, जाड थोडी. मधलाच एखादा गट रिकामा असेल तर समजायचं की मध्ये कधीतरी आग, चराई किंवा चोरीने एक पिढी गेली आहे, आणि मग या वेळी हात आखडता घ्यायचा.

व्यापारी म्हणेल ४५ झाडं द्या, वरची २२ आणि ९१ ते १२०मधली सरळ २३. ऐकायला बरं वाटतं. पण मग १५ वर्षांनी तुमच्याकडे ३५ झाडं उरलेली असतील, त्यातली दहातलं एक मेलं धरा, म्हणजे ३१-३२, आणि तीही त्याने नापसंत केलेली वाकडी.

आता दुसऱ्या बाजूने बघा. २२मधली ३ नाल्याकाठी राखायच्या पट्ट्यात, २ पोकळ आणि घरटी असलेली, ६ बियांसाठी राखलेली, उरली ११. तेवढीच कापा. ९०च्या खालच्या गटांमधून वाकडी, दबलेली, रोगट अशी २० विरळणीत, म्हणजे दाटी कमी करायला, काढा. १५ वर्षांनी ५८मधली ५० तरी १२०च्या पुढे गेलेली असतात, शिवाय राखलेली आहेतच. पैसे आज कमी आणि पुढच्या वेळी कितीतरी जास्त, हे घरात सगळ्यांसमोर वही उघडून दाखवा, तोंडी सांगून भाऊबंदांना पटत नाही.

५. आधी राखायची झाडं रंगवा (फेब्रुवारीच्या आत)

सगळे लोक उलटं करतात, आधी कापायच्या झाडांवर खूण करतात आणि उरेल ते राखलं म्हणतात. पांढरा पट्टा आधी, लाल नंबर नंतर. दोन वेगवेगळ्या दिवशी करा, शक्यतो दुसऱ्या माणसाला सोबत घेऊन.

पांढरा पट्टा कोणाला: हेक्टरी निदान एक-दोन उत्तम, सरळ, भरगच्च शेंड्याची सागाची झाडं बियांसाठी, आणि ती एका कोपऱ्यात नकोत, पसरलेली हवीत. नाल्याच्या दोन्ही बाजूंना मी २० मीटरचा पट्टा पूर्ण सोडतो, जिथे उभं राहायला हाताचा आधार लागतो असा उतारही सोडतो. मोह आणि चारोळी राखायचीच, गावातल्या बायकांची उन्हाळ्याची कमाई त्यावर असते. बीजा म्हणजे बिवळा, तिन्सा, हळदू अशी जी झाडं मोजणीत दोन-चारच निघाली ती भाव कितीही मिळो, हात लावायचा नाही. पोकळ झाडं घुबड, पोपट, धनेश यांच्यासाठी ठेवायची, बाजारात त्यांना तसाही भाव नाही.

मग लाल नंबर. जाड झाड निवडताना वर बघण्याआधी खाली बघायचं: आजूबाजूला त्याची जागा घेणारं तरणं झाड आहे का? असेल तर जाडं काढल्याने त्याला ऊन मिळेल. खाली काहीच नसेल तर ते झाड या खेपेला थांबू द्या. साग उन्हाचा भुकेला आहे हे खरं, पण मोठी मोकळी जागा पडली की सागाच्या आधी घाणेरी येते, आपल्याकडची रायमुनिया, आणि ती एकदा बसली की काढण्यातच चार वर्षं जातात. म्हणून कापायच्या दोन जाड झाडांमध्ये निदान एका झाडाच्या उंचीएवढं अंतर ठेवा.

नंबर दोन ठिकाणी टाकायचा. एक छातीच्या उंचीला आणि दुसरा अगदी बुडाशी, कापाच्या खाली, थोडी साल तासून. झाड गेलं तरी बुडख्यावर नंबर राहिला पाहिजे. काकांचं सगळं प्रकरण या एका खालच्या नंबरावरून अडलं होतं.

तपासा: लाल नंबरची यादी आणि मोजणीची वही समोरासमोर ठेवून प्रत्येक झाडाची जात आणि घेर जुळवा. ही यादी योजनेला जोडली जाते, नंतर त्यात खाडाखोड चालत नाही.

६. वेली कापा आणि वाट आखा

पळसवेल पाच-सहा झाडांना एकत्र बांधून टाकते. ती तशीच ठेवून झाड पाडलं तर शेजारच्या दोघांचे शेंडे सोबत खाली येतात, किंवा झाड मध्येच लटकतं. म्हणून लाल नंबरच्या झाडांवरच्या वेली तोडीच्या आठ-नऊ महिने आधी बुडाशी कापायच्या, तोवर त्या वाळून ठिसूळ होतात. फक्त त्याच झाडांवरच्या, सगळ्या जंगलातल्या नाही.

ओंडके ओढायची वाट पण आत्ताच चुन्याने आखा. सरळ उतारावरून खाली नाही, तिरकी. नाला ओलांडावाच लागला तर एकाच ठिकाणी, तोही कोरडा असताना. वाट आखली नाही की ट्रॅक्टरवाला प्रत्येक ओंडक्यासाठी नवी वाट पाडतो आणि राखलेली रोपं चाकाखाली जातात.

फाईल या काळात ऑफिसात फिरत असते. पाठपुरावा करत रहा, पण मंजुरी हातात येण्याआधी एकही झाड पाडू नका, वाळलेलंसुद्धा.

७. प्रत्यक्ष तोड (डिसेंबर ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा)

काळी माती पावसाळ्यानंतर बराच काळ ओली राहते. मूठभर माती घेऊन तळहातावर वळा, तिची सुतळीसारखी वात झाली तर अजून थांबा, भुगा झाला तर ट्रॅक्टर आत घ्या. ओल्या मातीत गाडी फिरवली तर चाकोरी कडक दाबली जाते आणि तिथे पुढे कित्येक वर्षं काही उगवत नाही.

झाड कुठे पडणार हे आधी ठरवायचं, आणि ते राखलेल्या झाडांपासून लांब, ओढायच्या वाटेकडे तिरकं पडलं पाहिजे. ज्या बाजूला पाडायचं तिकडे खाच, व्यासाच्या पाव भागाएवढी खोल. मग मागचा काप, खाचेच्या तळापेक्षा ३-४ सेंटीमीटर वर. दोन्हीच्या मध्ये व्यासाच्या दहाव्या भागाएवढी पट्टी न कापता सोडायची, ती बिजागरीसारखी झाडाला वळवते. घाईत ती पट्टीच कापली की झाड मनाला येईल तिकडे जातं.

सावधान: पळायची वाट आधी साफ करा, पडण्याच्या दिशेच्या उलट आणि तिरकी. बाकीची माणसं झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब. अडकून लटकलेल्या झाडाखाली कोणी जायचं नाही आणि ते तसंच सोडून जेवायलाही जायचं नाही, दोर किंवा ट्रॅक्टरने ओढून त्याच दिवशी खाली आणायचं.

बुडखा जमिनीपासून १५ सेंटीमीटरच्या वर नको. काप थोडा उतरता, गुळगुळीत, म्हणजे पाणी साठत नाही, आणि साल फाटू द्यायची नाही. सागाला बुडख्यातून जोमाने धुमारे येतात, पण उंच आणि फाटका बुडखा ठेवला तर धुमारे वरच्या सालीतून फुटतात आणि वाऱ्यात निखळतात. मजूर कमरेतून वाकायचं टाळतात म्हणून उंच कापतात, तेव्हा पहिल्या दिवशी स्वतः उभे रहा.

८. ओंडक्यांचं माप आणि टीपी

माप ओंडक्याच्या मध्यावरच्या घेरावर घ्यायचं. आपल्याकडचा हिशोब असा: घेराला ४ने भागा, वर्ग करा, लांबीने गुणा. मध्यावर १.२ मीटर घेर आणि ४ मीटर लांबी असेल तर ०.३ गुणिले ०.३ गुणिले ४, म्हणजे ०.३६ घनमीटर. खरं लाकूड ०.४६च्या आसपास असतं, या पद्धतीत चिरताना वाया जाणाऱ्या लाकडाची सूट आधीच धरलेली आहे. म्हणून व्यापारी त्यावर आणखी "छाट" मागायला लागला तर सरळ नाही म्हणा. आणि त्याने टेप बारीक टोकाला लावला, जिथे घेर १.०५ आहे, तर तेच लाकूड ०.२८ होतं. एका ओंडक्यात जवळपास पाव हिस्सा गेला.

प्रत्येक ओंडक्यावर झाडाचा नंबर आणि त्याचा तुकडा नंबर टाका, जसं १७/१, १७/२. यादी, ओंडक्यावरचा वनविभागाच्या हातोड्याचा ठसा आणि बुडखा तिन्ही जुळले की टीपी लवकर सुटतो. टीपीशिवाय ट्रक गेटच्या बाहेर काढायचा नाही, भाडं चढत असलं तरी. माल खाली दांड्या घालून सावलीत रचा, थेट मातीवर नको.

९. तोडीनंतरचे पंधरा दिवस आणि पुढची तीन वर्षं

इथे बहुतेक लोक काम संपलं म्हणून इंदूरला परत येतात. आपल्याकडे आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत धरतात, आणि वाळलेल्या फांद्या बुडख्यावर आणि उभ्या झाडांना टेकून पडलेल्या असतात. त्या आधी उचला, जाड फांद्या जळाऊ म्हणून गावात द्या, बारीक काटक्या बुडख्यापासून आणि सीमेपासून लांब पसरून टाका. सीमेवर पालापाचोळा झाडून जाळपट्टा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, काढा.

ओढायच्या वाटेवर दर वीस-तीस पावलांवर मातीचा तिरका बंधारा घाला, घोट्याएवढा पुरे, नाहीतर पहिल्याच पावसात ती वाट ओघळ होते.

जून-जुलैत एका बुडख्याला दहा-पंधरा धुमारे दिसतील. लगेच काढू नका, वाऱ्याने आणि जनावराने काही जाणारच. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जमिनीलगत फुटलेला सगळ्यात सरळ एक, फार तर दोन ठेवून बाकीचे कापा. तोवर शेळ्या आत येता कामा नयेत, त्यासाठी गावात बसून बोलून घ्या आणि गवत कापून न्यायची मुभा द्या, नुसत्या तारेने शेळी थांबत नाही.

तिसऱ्या वर्षीच्या जानेवारीत तीच वही घेऊन परत जा. लाल नंबरच्या प्रत्येक बुडख्यापाशी उभं राहून लिहा: धुमारा आहे का, उंची किती, बाजूला घाणेरी आली का. पांढऱ्या पट्ट्याच्या झाडांचा घेर त्याच बांबूच्या काठीने पुन्हा मोजा, म्हणजे पुढच्या तोडीचा हिशोब वलयांच्या अंदाजावर नाही, तुमच्याच मापावर बसेल. ती बांबूची काठी मी वहीबरोबरच कपाटात ठेवतो.